बरणीतली रिकामी जागा

गेल्या खेपेस ह्या सदरात साजूक तूप खवट का होते, ह्याविषयी आम्ही थोडेसे लिहिले होते. ते वाचून इंग्लंडात असलेल्या आमच्या पुतण्याचे पत्र आले. त्याच्या घरामागील अंगणात द्राक्षाचा एक वेल आहे आणि गेली दोन वर्षे तो त्या द्राक्षांचे मद्य घरीच करीत आहे. आम्ही स्वतः ह्या पदार्थाच्या वाटेस कधी गेलो नाही, हे तो जाणतो, म्हणून भीत भीतच त्याने लिहिले आहे : “काका, तुपाचे समजले. पण माझे द्राक्षमद्य आंबून झाले तेव्हा सुरेख होते. स्वच्छ भांड्यात ओतून सहा महिने मुरत ठेवले, तो रंग तपकिरी झाला आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येऊ लागला. असे का व्हावे ?”

एवढेच असते तर त्याला आम्ही चार ओळींचे खासगी उत्तर पाठविले असते. परंतु पत्राच्या शेवटी त्याने आणखी विचारले आहे : “पणजोबांच्या घरची द्राक्षासवाची बरणी आत्याआजीचा हात लागून नासली, असे बाबा सांगत. ते खरे का ?”

ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पंचावन्न वर्षांपूर्वीच देता आले असते. ते दिले नाही, म्हणून आज दोहोंचे उत्तर येथे एकत्रच देतो.

प्रथम कायद्याची गोष्ट सांगून मोकळे व्हावे. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. घरच्या माणसांपुरते आहे म्हणून तो गुन्हा ठरत नाही असे नाही. इंग्लंडात विक्रीसाठी नव्हे तर घरच्या वापरापुरते मद्य करण्यास मोकळीक आहे. तेव्हा पुढील मजकूर पुतण्यासाठी आहे. वाचकांनी त्यातील शास्त्र घ्यावे आणि ते आपल्या तेला-तुपाला, लोणच्याला लावून पाहावे. आसव हवे असेल तर ते औषधी दुकानातून आणावे.

आता शास्त्राकडे वळू. वांगे चिरून ताटात ठेवले की घटकाभरात काळवंडते. म्हणून चिरल्याबरोबर ते पाण्यात टाकावे, हे प्रत्येक गृहिणी जाणते. पाण्याने वांग्याला काही औषध दिलेले नसते. फक्त हवा आणि फोड ह्यांच्यामध्ये ते उभे राहते. लोणच्यावर चार बोटे तेल हवे, असा आपल्या आज्यांचा दंडक होता, त्यातही एक हेतू हाच. इटलीतील टस्कनी प्रांतात गवताने वेढलेल्या पोटफुग्या शिशांत मद्य भरून त्यावर तेलाचा पातळ थर सोडण्याची जुनी रीत होती. लोणच्याची बरणी आणि ती शिशी ह्या एका गोत्रातल्याच म्हणावयाच्या.

हवेत एकपंचमांशाहून किंचित अधिक, म्हणजे शेकडा सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. लाव्हाझिये ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात त्याला जे नाव दिले, त्याचा ग्रीक धातूंप्रमाणे अर्थ ‘अम्ल उत्पन्न करणारा’ असा होतो. सर्व अम्लांत हा वायू असलाच पाहिजे, ही त्याची समजूत पुढे चुकीची ठरली. नाव मात्र राहिले. आपण त्यास प्राणवायू म्हणतो. प्राणिमात्राच्या दृष्टीने आपले नाव सरस. पण मद्याच्या बरणीपुरते पाहिले तर लाव्हाझियेचेच नाव खरे, हे पुढे दिसेलच.

हवेने मद्याचा नाश दोन वाटांनी होतो आणि लोक ह्या दोन वाटांची नेहमी गल्लत करतात. पहिली वाट निव्वळ रसायनाची. द्राक्षाच्या सालीतील व बियांतील तुरट द्रव्ये, मद्यात अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या लोह व तांबे ह्यांच्या साहाय्याने, प्राणवायूशी संयोग पावतात. त्यातून रंग तपकिरी होतो. शिवाय ह्या व्यापारात एक तीव्र द्रव्य उपजते, ते पुढे मद्यार्कावर चालून जाते आणि त्यापासून अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा पदार्थ होतो. कापलेल्या सफरचंदाचा म्हणून जो वास पुतण्यास आला, तो ह्याचाच. तांबड्या मद्यात तुरट द्रव्ये विपुल असल्याने ते पुष्कळ हवा पचविते. पांढरे मद्य नाजूक. पुतण्याची द्राक्षे हिरवी, म्हणजे मद्य पांढरे. तेव्हा त्याने नाजूक प्रकृतीचा रोगी हाती घेतला होता.

दुसरी वाट जीवाणूंची. मद्यार्कापासून शिरक्याचे अम्ल बनविणारे सूक्ष्म जीव सर्वत्र असतात : द्राक्षांच्या सालीवर, गाळण्याच्या फडक्यावर, भांड्याभोवती घोंघावणाऱ्या चिलटांच्या पायांवर. पण हे जीव हवेवाचून काम करू शकत नाहीत. लुई पाश्चर ह्याने १८६४ साली आंबटपणाच्या ह्या क्रियेवर निबंध लिहिला व १८६६ साली मद्याच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. काठोकाठ भरून बंद केलेल्या नळीतील मद्य आणि थोडी हवा आत राहू दिलेल्या नळीतील मद्य ह्यांत काय फरक पडतो, हे त्याने ताडून पाहिले. हवा नसलेल्या नळीतील मद्य जवळपास होते तसेच राही. दुसऱ्याचा रंग बदले आणि तळाशी साका बसे. मात्र हाच पाश्चर असेही मानी की अत्यंत मंद गतीने मिळालेला प्राणवायू मद्यास पक्व करतो. लाकडी पिंपात मुरविण्याचे रहस्य त्यात आहे. विष आणि औषध ह्यांत भेद मात्रेचा, हे वैद्यांचे म्हणणे येथेही लागू पडते.

ह्या मात्रेचा हिशेब करून पाहावा असे आम्हांस वाटले. आयुष्यभर मुलांकडून त्रैराशिके सोडवून घेतली. एक स्वतःसाठी सोडविले. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर, वजनाने सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. आता पुतण्याचे भांडे घेऊ. त्याचा काचेचा बुधला साडेचार लिटरांचा. साका तळाशी सोडून वरचे निवळ ओतून घेतल्यावर मद्य भरले चार लिटर. म्हणजे अर्धा लिटर जागा हवेला मिळाली. तीत प्राणवायू १४० मिलिग्रॅम. मद्य टिकावे म्हणून तिकडे गंधकाच्या एका लवणाची गोळी घालतात. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट तिचे नाव. एका गोळीतून गंधकाचा जो वायू सुटतो, तो सुमारे २५० मिलिग्रॅम भरतो आणि एक मिलिग्रॅम प्राणवायू निष्प्रभ करावयास तो चार मिलिग्रॅम लागतो. १४० ला चाराने गुणिले की ५६० झाले. म्हणजे बुधल्याच्या गळ्यातील ती हवा एकदाच आत राहिली असती, तरी त्याची सारी गोळी गिळून पुन्हा उपाशीच राहिली असती. त्यात हा गृहस्थ दर रविवारी बूच काढून वास घेत असे, असे पत्रातच कबूल करतो. प्रत्येक रविवारी नवी हवा !

तेव्हा बाळा, तुझ्या मद्यास दृष्टही लागली नाही आणि द्राक्षेही वाईट नव्हती. मूळ दोष त्या रिकाम्या जागेचा.

उपाय अवघड नाही. मुरत ठेवावयाचे भांडे बुचाखाली बोटभर जागा राहील इतके भरलेले असावे. मद्य कमी पडले तर भांडे लहान घ्यावे. एका मोठ्या बुधल्याऐवजी दोन-तीन लहान बाटल्या कधीही बऱ्या. तेही नसेल तर स्वच्छ उकळून घेतलेल्या काचेच्या गोट्या आत सोडाव्या, म्हणजे पातळी आपोआप वर चढते. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट इंग्लंडात राहूनही विसरू नये. त्याच जातीचे दुसरे चांगले मद्य घालून भांडे भरून काढण्याची पद्धत तिकडे सर्रास आहे, तीही ठीक. पाणी मात्र घालू नये. त्याने मद्य पातळ होते आणि त्याची टिकण्याची शक्ती तेवढीच घटते.

भांडे बदलण्याची रीत त्याहून महत्त्वाची. पुतण्याने नरसाळे लावून वरून धार सोडली. धार जितकी उंच, तितके बुडबुडे अधिक. आणि प्रत्येक बुडबुडा म्हणजे हवेची एक पुडी. हवेशी घुसळले गेलेले द्रव साधारण २० अंश उष्णतेस दर लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू पोटात घेते आणि थंड असेल तर त्याहून अधिक. चहा निवविण्यासाठी आपण कपातून बशीत उंचावरून ओततो, ती कला येथे वर्ज्य. त्याऐवजी वक्रनलिका वापरावी. भरलेले भांडे चौरंगावर, रिकामे खाली जमिनीवर. नळीचे वरचे टोक साक्यापासून दोन बोटे उंच आणि खालचे टोक रिकाम्या भांड्याच्या अगदी बुडाशी टेकलेले. म्हणजे मद्य खालून वर संथपणे चढते, धार अशी दिसतच नाही. नळीला कोठे चीर असेल तर ती वाटेत हवा ओढते, म्हणून नळी दर वर्षी नवी घ्यावी. दोन पैशांचा प्रश्न आहे. शेवटचा घोट वाचविण्यासाठी भांडे कलते करण्याचा मोह होतो. तेथेच साकाही येतो आणि नळी हवाही गिळू लागते. तो घोट सोडून द्यावा.

भांडी वारंवार बदलू नयेत. जाड साका बसला की एकदा, पुढे पुरते निवळल्यावर एकदा आणि मग बाटल्या भरताना, एवढे पुरे. गंधकाची गोळी चुरून नव्या भांड्यात आधी घालावी आणि मद्य तिच्यावर चढू द्यावे. गोळी अधिक घातली म्हणजे अधिक चांगले असे समजू नये. वास बिघडतो आणि दम्याच्या रोग्यास त्रास होतो. मद्य मुळात पुरेसे आंबटसर असेल तर थोडी मात्राही पुरते, अम्लता कमी असेल तर तीच मात्रा लंगडी पडते. म्हणून फार पिकून गोड झालेल्या द्राक्षांचे मद्य अधिक जपावे लागते.

तिकडील काही मंडळींची अशी श्रद्धा आहे की कर्बवायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो मद्यावर गोधडीसारखा पसरून राहतो, मग वर रिकामी जागा असली तरी चिंता नाही. आंबण्याची क्रिया जोरात चालू असते तोवर नवा वायू सतत निघून जुनी हवा बाहेर लोटतो, तोवर हे खरे. पुढे क्रिया थंडावली आणि बूच उघडले, की दोन्ही वायू एकमेकांत मिसळून जातात. ती गोधडी फाटते. तेव्हा भरवसा गोधडीवर न ठेवता भांडे भरण्यावर ठेवावा.

बुचात पाण्याची वाकडी नळी बसविलेली असते, ती आतला वायू बाहेर सोडते आणि बाहेरची हवा अडविते. तिचे पाणी वाळते. पंधरा दिवसांनी पाहावे. आणि भांडे अशा जागी ठेवावे की दिवसरात्रीचे ऊन-गारठे त्याला भोवणार नाहीत. मद्य तापले की फुगते, निवले की आकसते, आणि आकसताना बाहेरची हवा आत ओढते. जणू भांडे श्वासच घेऊ लागते. बारा ते पंधरा अंशांची एकसारखी थंडी उत्तम. आपल्या ग्रंथकारांनी आसवाचे भांडे धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरावयास सांगितले, ते तुपाने माखलेले असावे म्हटले, त्याचे तोंड कापड-मातीने लिंपावयास सांगितले. त्यांस प्राणवायू ठाऊक नव्हता, पण जे करावयास पाहिजे ते ठाऊक होते. जुने मद्य हलके व नवे जड, हे चरकाच्या मद्यवर्गात आहेच. आणि आंबून बिघडलेल्या मद्याला शार्ङ्गधराच्या संहितेत ‘चुक्र’ असे वेगळे नावच आहे. म्हणजे तेव्हाही बरण्या नासतच होत्या.

आता आमच्या घरच्या बरणीकडे येतो.

वडील हौसेने वैद्यकी करीत. १९७० साली त्यांनी मनुकांचे आसव घातले होते : मनुका, गूळ, धायटीची फुले आणि लवंग-जायफळासारखी काही द्रव्ये. माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात महिनाभर ते मुरले. मग आत्याने ते फडक्यातून गाळून आठ लिटरांच्या चिनी मातीच्या बरणीत भरले. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच परत आलेली. रंग कसा उतरला आहे हे आम्हां मुलांस दाखविण्यासाठी तिने धार उंच धरली होती, ती लाल धार अजून डोळ्यांपुढे आहे. बरणीचे तोंड फडक्याने बांधून तिने वरून कणकेचे लिंपण केले.

आषाढात आजोबांना अग्निमांद्य झाले. रोज दुपारी दोन चमचे आसव काढून आणण्याचे काम आमच्याकडे आले, वय अकरा. आम्ही लिंपण फोडले. दोन चमचे आजोबांचे, आणि तेथेच अंधारात उभे राहून एक पळी आमची. ते गोड होते. पुन्हा दोरी बांधण्याचा कंटाळा येई, म्हणून फडके नुसते वर टाकून आम्ही पळत असू. श्रावण संपेतो बरणी निम्म्यावर आली होती. त्याच सुमारास तीत सायीसारखा पांढरा पापुद्रा दिसला आणि नाकात झिणझिण्या येतील असा आंबट वास सुटला.

आजी बरणीपाशी बसली, वास घेतला आणि म्हणाली, “हिने गाळले ना ? हिचा हात लागला, मग काय व्हायचे होते !” ती आपल्या पोटच्या मुलीविषयी बोलत होती. आत्या काही बोलली नाही. त्या दिवसापासून आमच्या घरी लोणचे, मुरांबा, पापडाचे पीठ, सांडगे, वर्षाच्या साठवणीच्या कोणत्याही पदार्थाला तिने हात लावला नाही. कोणी तसा हुकूम केला असे नाही. तिने आपणच तो पाळला, आणि बाकीच्यांनी तो पाळू दिला. पुढे आजी गेली, तरी नियम राहिला. आत्याच्या हातच्या आंब्याच्या लोणच्याची आठवण आमच्या थोरल्या बंधूंस होती. आम्हांस ती चव कधी कळली नाही.

बरणी कोण उघडी टाकीत होते, हे आम्हांस तेव्हाच ठाऊक होते. उघड्या बरणीचा आणि आंबटपणाचा संबंध मात्र त्या वयात ठाऊक नव्हता, अशी समजूत आम्ही पुढे बरीच वर्षे करून घेतली. ती पुरती खरी नाही. दोरी न बांधल्याबद्दल मार बसेल ही भीती होती, म्हणजे काहीतरी ठाऊक होतेच.

पुतण्याचे त्रैराशिक सोडविल्यावर त्याच कागदाच्या पाठीवर आम्ही ह्या बरणीचेही मांडले. आत्याने उंच धार धरली हे खरे. आठ लिटर आसवात लिटरला आठ मिलिग्रॅम, म्हणजे फार तर ६४ मिलिग्रॅम प्राणवायू तिने घातला; तोही एकदाच, आणि ताज्या आसवातील किण्वाने त्यातील बराचसा खाऊन टाकला असणार. निम्म्या झालेल्या बरणीत हवा चार लिटर, तीत प्राणवायू सुमारे ११०० मिलिग्रॅम, आत्याच्या सतरापट. आणि तेवढ्या सगळ्याचे अम्ल झाले तर चार लिटर आसवात लिटरमागे अर्धा ग्रॅम शिरक्याचे अम्ल होते. अशी हवा दोनदा पुरती पालटली की जिभेला कळू लागावे. आमच्या हातून ती महिनाभर रोज थोडीथोडी पालटत होती. हाताला चिकटून जीवाणू गेले असतील का ? गेलेही असतील, आत्याच्या हाताला, आमच्या पळीला, मनुकांना, सर्वांनाच ते असतात. कणकेचे लिंपण जागेवर असते तर ते उपाशी राहिले असते.

आत्या जाऊन आता बरीच वर्षे झाली. पुतण्यास आम्ही कळविले आहे की त्याच्या बाबांनी सांगितलेली गोष्ट खोटी आहे. ती खोटी असल्याचे आम्हांस प्रथमपासून ठाऊक होते, हेही कळविले आहे. थोरल्या बंधूंस हे पान स्वतः वाचून दाखविणार आहोत.

पुतण्याने शेवटी एक व्यावहारिक शंका विचारली आहे : बिघडलेले मद्य पुन्हा सुधारता येते का ? नुसता रंग व वास उतरला असेल तर ते स्वयंपाकात वापरून संपवावे, चांगल्यात मिसळू नये. आंबट झाले असेल तर ते परत फिरत नाही. त्यास मग हवा मोकळेपणी मिळू द्यावी, वर फडके बांधावे म्हणजे चिलटे पडत नाहीत आणि दोन-तीन महिन्यांत त्याचा शिरका होतो. मात्र ते भांडे आणि ती नळी चांगल्या मद्यास पुन्हा लावू नये.

आमच्या घरचे ते चार लिटर आसव वडील गटारात ओतावयास निघाले होते. आत्याने ते मागून घेतले. त्याला तर आता तिचा हात लागून काही बिघडावयाचे नव्हते. परसात बसून ती मिठाबरोबर ते लावून तांब्यापितळेचे हंडे, घागरी, घंगाळे घाशी. त्या भाद्रपदात गणपतीस आलेल्या बायका आमच्या हंड्यांची झळाळी पाहून चिंच कोणत्या गावची म्हणून विचारीत, आणि आजी त्यांस आमच्या कुळागराचे नाव सांगे.